मारवाडी की काठेवाडी? वाळवंटी घोडा दारात बांधण्याआधी

मार्गशीर्ष जवळ आला की खानदेशात घोड्यांच्या गोष्टी सुरू होतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून ट्रक भरभरून जनावरं येतात आणि पहिल्यांदाच घोडा घ्यायला आलेला माणूस दोन दावणींच्या मधोमध उभा राहून विचारतो, मारवाडी घेऊ की काठेवाडी? दोघांचे कान वळलेले, दोघेही पाणीदार, आणि विकणारा प्रत्येक जण आपल्याच जातीची शपथ घेणारा. नवख्याला फरक दिसतो तो फक्त उंचीचा आणि किमतीचा.

माझं मत आधीच सांगतो. पहिलाच घोडा असेल, रोज रपेट मारायची असेल आणि सांभाळणारे तुम्ही व घरचीच माणसं असाल, तर चांगल्या स्वभावाची काठेवाडी घोडी घ्या. पैदास करायची असेल, प्रदर्शनात उतरायचं असेल किंवा बसणारा अंगापिंडाने भक्कम असेल, तर मारवाडी. घोड्यांच्या यात्रांमध्ये सध्या सगळा ओढा मारवाडीकडे आहे, त्यामुळे हे मत अनेकांना पटणार नाही. म्हणून ते कशावरून बनलं ते सविस्तर लिहितो. दोन्ही घोडे कुणी आणि कशासाठी घडवले हे कळल्याशिवाय निवड नीट होत नाही.

एकाच वाळूतली दोन घराणी

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त कच्छच्या घोड्यांची तारीफ केली आहे. ते अरबी घोड्यांच्या तोडीचे असतात, असं तो म्हणतो आणि सोबत एक ऐकीव कथाही देतो. फार पूर्वी एक अरबी जहाज कच्छच्या किनाऱ्याला फुटलं, त्यात सात निवडक घोडे होते आणि त्यांच्यापासून त्या मुलखाची पैदास वाढली. आज हीच कथा मारवाडीवाले मारवाडीची म्हणून सांगतात, काठेवाडीवाले काठेवाडीची म्हणून. सात घोड्यांनी एवढी मोठी जात उभी राहत नाही, पण कथेमागचं वास्तव पक्कं आहे. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांवर शेकडो वर्षं घोडे उतरत होते आणि वायव्येच्या खिंडींतून मध्य आशियातले घोडे येत होते. या दोन प्रवाहांचं रक्त स्थानिक घोड्यांत मिसळत गेलं. २०१४ मध्ये मारवाडी घोड्याच्या संपूर्ण जनुकक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही अरबी आणि मंगोलियन घोड्यांशी असलेलं नातं दिसून आलं.

म्हणजे मारवाडी आणि काठेवाडी सख्खी नसली तरी चुलत भावंडं नक्कीच. वेगळी झाली ती माणसांच्या गरजेमुळे.

मारवाडात तेराव्या शतकात राठोड आले आणि १४५९ मध्ये राव जोधाने जोधपूर वसवलं. हा मुलूख कोरडा, गावं लांबलांब, मधे वाळू. राठोडांची लढाई घोडदळाची. त्यांना असा घोडा हवा होता जो वाळूतून पाय उचलत चालेल, दिवसभर अल्प पाण्यावर टिकेल आणि हत्तीसमोर उभा राहिला तरी बुजणार नाही. जुन्या मालाणी परगण्यातले, म्हणजे आजच्या बाडमेर-बालोतरा भागातले घोडे त्यात सर्वांत नावाजलेले. लुणी नदीच्या कोरड्या पात्रात तिलवाड्याला चैत्रात मल्लिनाथाचा पशुमेळा आजही भरतो. मालाणीचं रक्त पाहायचं तर जाणकार पुष्करच्या मेळ्यापेक्षा तिलवाड्याला जायला सांगतात.

मराठी माणसाचाही या घोडदळाशी एक जुना धागा आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, तेव्हा त्याला दख्खनेत सुखरूप आणणारा सरदार होता मारवाडचा दुर्गादास राठोड. मोगल फौजा चहूबाजूंनी मागावर असताना तो राजस्थानातून नर्मदा-तापी ओलांडून सुधागडाच्या परिसरापर्यंत पोहोचला. राजस्थानी लोकपरंपरेत दुर्गादासाचं चित्र आहे ते घोड्यावर बसल्या बसल्या भाल्याच्या टोकाने भाकरी भाजणाऱ्या माणसाचं. आयुष्याची तीस-एक वर्षं ज्याने खोगिरावर काढली, त्याच्या मुलखाने कसा घोडा घडवला असेल याचा अंदाज त्यावरून यावा.

काठेवाडची, म्हणजे आजच्या सौराष्ट्राची, गरज वेगळी होती. तिथे मोठं साम्राज्य नव्हतं. दोनशेहून अधिक लहानमोठी संस्थानं होती, गढ्या होत्या, काठी नावाच्या तिथल्या जमातीचे दरबार होते. खडकाळ माळ, बाभळी, कोरड्या नद्या. लढाई म्हणजे बहुधा झटपट धाड. रात्रीत चाळीस-पन्नास मैल जायचं, काम उरकायचं आणि उजाडायच्या आत परत फिरायचं. त्याला मोठा घोडा अडचणीचाच. हवा होता आटोपशीर, काटक, चपळ आणि अंधारात आवाज न करणारा. म्हणून काठी लोकांनी घोड्यापेक्षा घोडी जास्त मानली. घोडी घराच्या अंगणात माणसांच्या उठबशीत वाढायची, लेकरं तिच्या पोटाखालून खेळायची. घराणीसुद्धा मूळ घोडीच्या नावाने चालली : ताजण, माणकी, ढेल, रेशम अशी कितीतरी. आजही सौराष्ट्रातला जुना पैदासकार बापाआधी आईचं घराणं सांगतो.

या मुलखाशी तर आपली ओळख थेट आहे. अठराव्या शतकात गायकवाड आणि पेशव्यांच्या फौजा खंडणीसाठी काठेवाडात मुलूखगिरीवर जात. १८०७ मध्ये कर्नल वॉकरने तिथल्या संस्थानांच्या खंडणीचा निवाडा केला आणि मुलूखगिरी थांबली. तोवर काठेवाडी घोडीचं नाव मराठी पागांत पक्कं रुजलं होतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या मोतद्दारांना, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्यांना, मारवाडी हे नाव घोड्यासाठी फारसं ठाऊक नसायचं. चांगला घोडा म्हटला की त्यांच्या तोंडी काठेवाडीच.

आता चेतक. महाराणा प्रतापांचा चेतक मारवाडी होता, असं राजस्थानात सांगतात. तो काठेवाडी होता, असं सौराष्ट्रात सांगतात. १५७६ ची हळदीघाटीची लढाई आणि तिथून जवळच असलेली चेतकाची समाधी यापलीकडे त्याच्या वंशाचा निर्णायक पुरावा कुणीच दाखवत नाही. तेव्हा 'हा चेतकाच्या रक्ताचा' असं ऐकवून कुणी किंमत वाढवू लागला, तर तो विषय तिथेच थांबवा.

कशीबशी वाचलेली जात

दोघांचीही विसाव्या शतकात वाताहत झाली आणि तिचे परिणाम आजच्या खरेदीपर्यंत पोहोचतात. इंग्रजांना शर्यतीचे थरोब्रेड आणि ऑस्ट्रेलियातून येणारे वेलर पसंत होते. या वळलेल्या कानांची त्यांनी चेष्टा केली. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी चांगले नर जमवून मारवाडी टिकवायचा प्रयत्न केला. पण स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, जहागिऱ्या गेल्या, घोडदळाची जागा यंत्रांनी घेतली, आणि ज्या पागांत पिढ्यान्‌पिढ्यांचं रक्त जपलं होतं त्या रिकाम्या झाल्या. जातिवंत घोडे टांग्याला जुंपले गेले, नर खच्ची झाले. पुढे महाराजा गजसिंह आणि काही मोजक्या पैदासकारांनी उरलेलं रक्त गोळा करून ही जात पुन्हा उभी केली. काठेवाडात जुनागढच्या सरकारी अश्वपैदास केंद्राने आणि काही दरबारी घराण्यांनी हेच काम केलं, मात्र गाजावाजा न करता.

याचा अर्थ असा की पडत्या काळात दोन्ही जातींत बाहेरचं रक्त शिरलं, आणि आज 'शुद्ध' म्हणून विकला जाणारा प्रत्येक घोडा शुद्ध नसतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून जेमतेम ३ लाख ४० हजार भरले, २०१२ च्या तुलनेत सुमारे ४५ टक्के कमी. एवढ्या कमी जनावरांत एवढी मोठी मागणी असली की भेसळ होणारच.

समोर उभे केले तर

घोड्याची उंची आपल्याकडे इंचात सांगतात, आयाळ संपते त्या उंचवट्यापर्यंत. मारवाडी साधारण ६० ते ६४ इंच, क्वचित त्याच्याही वर. काठेवाडी ५६ ते ६० इंच. काठेवाडी ६० च्या फार वर गेली की जुने पैदासकार नाराज होतात, कारण उंचीबरोबर तिचा रेखीवपणा जातो.

कानांवरून जात ओळखू नका. दोघांचेही आतल्या बाजूला वळतात, टोकं एकमेकांना भिडतात आणि कान मागेपुढे चांगले फिरतात. काठेवाडीचा वळसा बहुधा जास्त घट्ट असतो, इतकंच. तोंड पाहा. मारवाडीचं तोंड लांब, नाकाची रेघ सरळ किंवा किंचित फुगीर. काठेवाडीचं कपाळ रुंद, तोंड आखूड, नाकपुडीकडे निमुळतं होत गेलेलं, डोळे एकमेकांपासून दूर आणि मोठे. बाजूने पाहिलं तर नाकाची रेघ मधे जराशी आत गेलेली. एकदा हे ध्यानात आलं की पन्नास पावलांवरून फरक कळतो.

मारवाडीची मान उंच आणि डौलदार, पाय लांब, चामडी पातळ आणि तकतकीत. खांद्याचा कोन थोडा उभा, त्यामुळे वाळूत पाय सरळ वर उचलला जातो. शर्यतीच्या मैदानावर याच बांध्याने तो थरोब्रेडपुढे मागे पडतो. त्याच्याकडून शर्यतीची अपेक्षाच करू नये. काठेवाडी आटोपशीर, पाठ आखूड, हाडं सुकी. तिच्या मागच्या पायांकडे मात्र नीट बघा. गुडघ्याखालचा सांधा विळ्यासारखा जास्त वळलेला असणं हा या जातीत दिसणारा दोष आहे आणि रोजच्या रपेटीत तो पुढे त्रास देतो. खूर दोघांचेही कठीण. मऊ रस्त्यावर नालाशिवाय चालतात, डांबरावर नाल लागतेच.

रंगात मारवाडी श्रीमंत. कुमैत (तांबूस-तपकिरी), लालसर, काळा, अबलख (पांढऱ्या पट्ट्यांचा), करडा, सगळं मिळतं. लग्नाच्या वरातीत पांढरा लागतो म्हणून पांढऱ्याला भाव, काळ्याला आणि अबलखला हौशी गिऱ्हाईक. काठेवाडीत खरा काळा रंग मानत नाहीत. तिचा खास रंग म्हणजे मातकट-पिवळसर अंग, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत गेलेली गडद रेघ आणि कधी कधी पायांवर आडवे पट्टे. असा रंग दिसला की जुने लोक थांबून बघतात. मलाही तो सगळ्या अबलखांपेक्षा देखणा वाटतो.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचं शास्त्र दोन्हीकडे चालतं. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. याला घोड्याच्या आरोग्याचा किंवा स्वभावाचा आधार नाही. पण बाजाराला आहे. आसूढाळ असलेला निरोगी, शहाणा घोडा निम्म्या किमतीत सुटतो. स्वतःच बसण्यासाठी घेत असाल आणि घरात कुणाची हरकत नसेल, तर अशा घोड्याकडे मुद्दाम बघा. पुढे विकायचा असेल तर मात्र तोच भोवरा तुम्हालाही आडवा येईल.

चाल आणि स्वभाव

वाळवंटी घोड्यावर पहिल्यांदा बसणाऱ्याला जे आयुष्यभर आठवतं ती रवाल चाल. एकाच बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ बरोबर उचलत तो सरकत जातो, अंग फारसं हलत नाही, दुडकीसारखे धक्के बसत नाहीत. लांब पल्ल्याला माणूस आणि घोडा दोघांनाही ही चाल सोसते. दोन्ही जातींत ती उपजत येते, पण प्रत्येक घोड्यात नाही. म्हणून 'रवाल आहे' हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून मान हलवू नका. स्वतः बसा, किमान अर्धा तास. बसता येत नसेल तर बसता येणारा माणूस बरोबर न्या.

आता स्वभाव. मारवाडी मानी घोडा. त्याला स्वतःची किंमत ठाऊक आहे असं वाटावं इतका. ओळखीच्या माणसाला जीव लावतो, परक्याला सहज अंगाला हात लावू देत नाही. तो गर्दीत चमकतो, वाद्यं वाजली की अंगात आल्यासारखा उभा राहतो. हे सगळं अनुभवी हातात फार सुंदर दिसतं. नवख्याच्या हातात तोच घोडा पंधरा दिवसांत ओळखतो की समोरच्याला काही येत नाही, आणि मग मागचे पाय झाडणं, लगाम ओढून पळणं सुरू होतं. दोष घोड्याचा नसतो, जोडी चुकलेली असते.

काठेवाडी जास्त चलाख आणि जास्त सावध. पान हललं तरी कान टवकारते. तिला मार अजिबात खपत नाही, एकदा दुखावली की महिनोन्‌महिने विसरत नाही. पण घरात वाढलेली घोडी माणसाळलेली असते, मुलांच्या हातचं खाते, मालकाच्या आवाजाला उत्तर देते. तिची शक्ती आटोक्यातली आहे, उंची आटोक्यातली आहे, आणि पडलात तरी कमी उंचीवरून पडता. गुजरात पोलिसांच्या घोडदळात काठेवाडी वर्षानुवर्षं काम करते आहे. गर्दी, भोंगे, रहदारी हे सगळं ती शिकते. नवख्यासाठी मी तिची बाजू घेतो ती याच कारणाने.

वजनाचाही हिशेब करा. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाठीवर घ्यावा, त्यात खोगीर धरलं जातं. ३५० किलोच्या काठेवाडीला ७० किलो, ४०० किलोच्या मारवाडीला ८०. म्हणजे ८५ किलोच्या माणसाने लहान काठेवाडीवर रोज तासभर बसणं हा तिच्या पाठीवर अन्याय आहे. अशा माणसाने भक्कम हाडाचा मारवाडी शोधावा आणि पातळ पायांचा उंच घोडा टाळावा. उंची म्हणजे ताकद नव्हे.

आपल्या हवेत कोण टिकतो

कोरड्या हवेची ही जनावरं आहेत. खानदेश, मराठवाडा, सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग इथे दोघंही सुखात राहतात. उन्हाचा त्यांना त्रास नाही, सावली आणि पाणी मिळालं की पुरे. त्रास पावसाचा आहे. काळ्या मातीच्या चिखलात खूर सतत ओले राहिले की तळ सडतो, वास येऊ लागतो, घोडा लंगडतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने हेच चालतं. तिथे घोडा ठेवायचा असेल तर दगडी किंवा मुरुमाचं उंच ठाण, वरून पक्कं छप्पर आणि रोज खूर साफ करणारा माणूस याशिवाय दोघांपैकी कुणालाच आणू नका. या बाबतीत मारवाडीची पातळ चामडी जरा जास्त नाजूक पडते.

पावसाळा सरताना घोडमाश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रोग पसरतो. चढ-उतार होणारा ताप, पाय सुजणं, खात असूनही खंगत जाणं ही लक्षणं दिसली की रक्त तपासून घ्या. ठाणाजवळ कडुनिंबाचा धूर करा आणि शेण साठू देऊ नका. धनुर्वाताची लस मात्र दोघांनाही चुकवू नये. घोड्याला लहानशी जखमही त्या रोगाला पुरते.

खाण्यात फरक एवढाच की मारवाडी मोठा, म्हणून जास्त खातो. घोड्याचं पोट सतत थोडं थोडं गवत खाण्यासाठी बनलेलं आहे. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज लागतो. आपल्याकडे हौसेने हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, भरपूर देतात, रपेट मात्र आठवड्यातून एकदा. त्यातून पोटशूळ होतो, खुरांच्या आत दाह होतो, आणि वाळवंटात अल्प खाण्यावर टिकायला घडलेल्या या जातींना तो लवकर होतो. काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करा, गवत कमी करू नका.

बाजाराने काय बिघडवलं

हे लिहिल्यावाचून राहवत नाही. मारवाडीत सध्या उंचीचं वेड आहे. ६४ इंचाला एक भाव आणि ६६ ला दुप्पट, अशी बोली लागते. त्यामुळे थरोब्रेडचं रक्त घालून उंची काढली जाते, कान वळलेले राहिले की झालं. अशा घोड्यात मारवाडीची चाल नसते, कणखर खूर नसतात, उन्हातला टिकाव नसतो. जातीचं जे मोल होतं ते हरवून फक्त तिचं चित्र उरतं. काठेवाडी या वेडापासून बरीच वाचली, कारण तिच्या माणसांनी उंची मागितलीच नाही.

दुसरं नाचऱ्या घोड्यांचं. वरातीत हलगीवर नाचणारा घोडा पाहायला लोकांना आवडतो. चांगल्या प्रशिक्षकाने हळूहळू शिकवलेला घोडा नाचतो तेव्हा तो खरंच सुंदर दिसतो, हे मी नाकारत नाही. पण बरेचसे घोडे काटेरी लगामाच्या भीतीने नाचतात. असे लगाम वापरणं कायद्याने बंद आहे. तोंडाच्या कोपऱ्यांवर जखमा, जिभेवर व्रण, हात वर केला की मान झटकणं, हे दिसलं तर तो घोडा घेऊ नका. त्याला पुन्हा माणसावर विश्वास ठेवायला शिकवणं हे पहिल्या मालकाचं काम नव्हे. नाचरा घोडा सहसा मारवाडी किंवा पंजाबकडचा पांढरा नुकरा असतो, म्हणून ही तपासणी मारवाडी घेणाऱ्याने विशेष करावी.

घेताना

वय दातांवरून बघा. दुधाचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांला जोडी-जोडीने बदलतात, पाच वर्षांला तोंड भरतं. बाजारात दोन वर्षांचं शिंगरू 'बसायला तयार' म्हणून उभं असतं. हाडं कोवळी असताना पाठीवर बसलं की पाय लवकर जातात. चार वर्षांच्या खालचा घोडा रपेटीसाठी घेऊ नका, मग कुठल्याही जातीचा असो.

पहिल्या खेपेला नर नको. पुऱ्या नराची मिजास सांभाळायला अनुभव लागतो आणि शेजारी घोडी असली तर रात्रभर थारा नसतो. खच्ची केलेला घोडा शांत आणि भरवशाचा, पण आपल्याकडे लोक नर म्हणजे शान समजतात, म्हणून तो बाजारात कमी दिसतो. मिळाला तर सोडू नका.

कागदांत सर्वांत आधी ग्लँडर्स रोगाचा तपासणी अहवाल मागा. हा जिवाणूजन्य रोग घोड्याकडून माणसालाही होतो. बाधित घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला नियमानुसार मारावं लागतं. तपासणीचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत अहवाल मिळतो. 'आमच्याकडे सगळे ठणठणीत' या शब्दावर अहवालाशिवाय पैसे देऊ नका. पैदाशीसाठी घेत असाल तर नोंदणीचा दाखला आणि आईबापाची नोंद बघा. मारवाडीत नोंदणीची व्यवस्था अधिक रुळलेली आहे आणि त्यामुळे तिच्या शिंगराला गिऱ्हाईकही लवकर मिळतं. पैदासकाराने मारवाडी घ्यावी असं मी म्हणतो ते यासाठी. घोडी अकरा महिने गाभण असते, वर्षाला जेमतेम एक शिंगरू. ज्याला हा धंदा करायचा त्याला विक्रीचा रस्ता मोकळाच लागतो.

तिसरा घोडा

दोघांच्या मधे एक जात आहे, जिच्याकडे गिऱ्हाईक बघतसुद्धा नाही : कच्छी-सिंधी. कच्छच्या बन्नी गवताळ भागात आणि थरच्या वाळवंटात मालधारी लोक ही सांभाळतात. तिला अधिकृत अश्वजातींत मान्यता मिळून फार वर्षं झालेली नाहीत. कान वळलेले पण टोकं भिडत नाहीत, नाक फुगीर, डौल मारवाडीहून कमी. मात्र रवाल चालीत तिचा हात धरणारं कुणी नाही आणि स्वभाव दोघांपेक्षाही थंड. ज्याला फोटोची हौस नाही, फक्त लांबवर बसून जायचं आहे, त्याने ही मिळते का ते आधी पाहावं. माझ्या डोळ्यांसमोर असे गिऱ्हाईक आहेत ज्यांनी कानांसाठी ही सोडली आणि जास्त पैसे देऊन हट्टी मारवाडी घरी नेला.

आणि ज्यांना डोंगरातल्या वाटांवर, ओझ्यासह, कमी खाण्यावर चालणारं जनावर हवं आहे, त्यांनी वाळवंटाकडे पाहायचं कारणच नाही. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली आपली भीमथडी आता मान्यताप्राप्त जात आहे. धनगर मंडळी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली आहेत. पण तिची मारवाडीशी तुलना होत नाही. तिचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

घोडा ठरला आणि पैसे दिले की त्याच्या नेहमीच्या चाऱ्यातला आठवडाभराचा चारा विकणाऱ्याकडूनच मागून घ्या आणि घरचा चारा त्यात रोज थोडा थोडा वाढवत न्या, कारण एकदम बदललेल्या खाण्याने आलेला पोटशूळ प्रवासाने थकलेल्या घोड्याला झेपत नाही. घरी आधीचं जनावर असेल तर नव्याला किमान तीन आठवडे वेगळा बांधा, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवा. पहिले काही दिवस खोगीर चढवू नका. मोकळ्या दोरीने फिरवा, खरारा स्वतः करा, आवाज ओळखू द्या. मारवाडी या दिवसांत तुम्हाला अजमावतो, काठेवाडी तुम्हाला न्याहाळत राहते.